पिवळे तळहात, पांढरे डोळे

गेल्या माघ महिन्यातली गोष्ट. मुळाकाठच्या आमच्या गावचा बाजाराचा दिवस होता, त्यामुळे दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. रांग मोडून एक आजी आत शिरल्या. कडेवर अकरा महिन्यांचा नातू, मागे खाली मान घातलेली सून आणि तिच्या मागे मोटारसायकलची किल्ली बोटात फिरवीत उभा असलेला मुलगा.

"डॉक्टरसाहेब, पोराला कावीळ झालीय. आम्हाला नुसती रक्त तपासायची चिठ्ठी द्या. औषधाला आम्ही दुसरीकडं चाललोय."

दुसरीकडे म्हणजे कुठे, हे मी विचारले नाही. आपल्या भागात दर दहा-बारा गावांमागे एक काविळीचा जाणकार आहे. कोणी माळ घालतो, कोणी हात धुऊन कावीळ उतरवतो, तर कोणी अजूनही दंडावर डाग देतो. त्यांचे वार ठरलेले असतात आणि त्या वारी त्यांच्या दारात माझ्यापेक्षा मोठी रांग असते.

मूल पाहिले. तळहात, तळपाय आणि नाकाच्या दोन्ही कडा केशरी-पिवळ्या, झेंडूच्या पाकळ्या चोळाव्यात तशा. त्याला घेऊन मी दवाखान्याच्या दारात उजेडाला गेलो. डोळे बघितले. पांढरेशुभ्र. मूल माझ्या स्टेथोस्कोपला झोंबत होते, हसत होते. पोटाला हात लावून पाहिला, यकृत वाढलेले नव्हते.

"लंगोटाला पिवळा डाग पडतो का?"

सून पहिल्यांदा बोलली. "नाही. लघवी पाण्यासारखी होते. शीचा रंग पण रोजचाच आहे."

"खायला काय देता?"

यावर आजींनी सुनेकडे असे पाहिले की तिने पुन्हा मान खाली घातली. मग हळूहळू यादी निघाली. सकाळी गाजर उकडून, कुस्करून, वर चमचाभर तूप. दुपारी लाल भोपळा घालून शिजवलेली खिमट. संध्याकाळी पपई. पपई घरच्या शेतातली. त्या हंगामात भाव इतका पडला होता की तोडणीची मजुरीही निघेना, म्हणून फळे झाडावरच पिकत होती आणि घरात ज्याला त्याला पपई. हे सगळे तीन महिने रोज चालले होते. गाजराने डोळे चांगले होतात असे सुनेला कोणीतरी सांगितले होते आणि तिने ते मनापासून पाळले होते.

मी म्हणालो, "आजी, पोर ठणठणीत आहे. कावीळ नाही. जे खातंय त्याचा रंग अंगावर आलाय."

आजींना हे पटले नाही. कोणालाच पटत नाही. खाल्ल्याने कातडीचा रंग बदलला तर पालक खाणारा हिरवा का होत नाही, असा रोकडा सवाल मुलाने केला. सवाल चांगला होता. मी उलट आजींना विचारले, "तुमच्याकडे गाय आहे का म्हैस?"

"दोन्ही हायेत."

"खायला काय घालता?"

"लसूणघास, कडवळ. दोघींना एकच."

"मग गाईचं तूप पिवळं आणि म्हशीचं पांढरं का?"

आजी थांबल्या. आयुष्यभर दोन्ही तुपे कढवली, पण हा प्रश्न मनात आला नव्हता. आपल्यापैकी किती जणांच्या आला असेल? हिरव्या पाल्यात एक केशरी रंगद्रव्य असते. त्याचे नाव कॅरोटिन. पानातल्या हिरव्या रंगाखाली ते झाकलेले असते, म्हणून डोळ्यांना दिसत नाही. या कॅरोटिनपासून शरीर 'अ' जीवनसत्त्व बनवते. म्हैस जवळजवळ सगळे कॅरोटिन 'अ' जीवनसत्त्वात बदलून टाकते आणि या जीवनसत्त्वाला विशेष रंग नसतो, म्हणून तिचे दूध-तूप पांढरे. गाय थोडे बदलते आणि बाकीचे तसेच दुधातल्या स्निग्धांशात सोडते. म्हणून गाईचे तूप पिवळे. माणूस याबाबतीत गाईच्या जातीचा आहे. गरजेपुरते कॅरोटिन बदलले की उरलेले आपल्या रक्तात फिरत राहते.

हे उरलेले कॅरोटिन पाण्यात विरघळत नाही, चरबीत विरघळते, त्यामुळे ते लघवीवाटे निघून जात नाही. ते चरबीत साठते, घामावाटे कातडीवर येते आणि कातडीच्या सर्वांत वरच्या, जाड, मृत थरात मुरते. हा थर तळहात-तळपायांवर सर्वांत जाड असतो आणि तिथे घामाच्या ग्रंथीही पुष्कळ असतात. म्हणून रंग आधी तिथे दिसतो. डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर असा जाड थर नसतो, म्हणून डोळे पांढरे राहतात. काविळीत वाढणारे बिलिरुबिन हे वेगळे द्रव्य. त्याची सोयरीक आधी डोळ्यांशी जुळते आणि मग कातडीशी. एवढा एक फरक ध्यानात ठेवला तरी पुष्कळ झाले.

जाता जाता एक. कावीळ झालेल्याला सगळे जग पिवळे दिसते अशी म्हण आहे. माझ्या तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये कावीळ झालेल्या एकाही रोग्याने असे सांगितले नाही. आजी-आजोबांना मात्र आपल्या घरातले प्रत्येक पिवळे मूल काविळीचे दिसते, एवढे खरे.

कॅरोटिन हे नावच मुळी गाजरावरून पडले. १८३१ साली वाकेनरोडर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने गाजरातून ते वेगळे काढले. त्याने माणसे पिवळी पडतात हे डॉक्टरांच्याही फार उशिरा ध्यानात आले. १९१९ साली अमेरिकेतल्या हेस आणि मायर्स या डॉक्टरांनी रोज गाजर खाणाऱ्या बाळांचा पिवळेपणा वर्णन केला आणि हा नवाच प्रकार आहे असे सांगितले. महायुद्धांच्या काळात युरोपात मांस-लोणी दुर्मिळ झाले आणि लोक भाजीपाल्यावर, गाजरावर दिवस काढू लागले, तेव्हा अशी पिवळी माणसे वाढल्याच्या नोंदी आहेत. टोमॅटोचाही असाच प्रताप आहे. त्यातले लाल द्रव्य लायकोपीन. १९६० साली अमेरिकेत एका बाईची हकिगत प्रसिद्ध झाली. ती दररोज सुमारे दोन लिटर टोमॅटोचा रस पीत असे आणि तिची कातडी केशरी झाली होती. रस बंद केल्यावर ती पूर्ववत झाली.

परदेशी दाखले नकोत, तर शेवगाव-नेवाशाच्या अंगाला पसरलेल्या नाथसागरावर हिवाळ्यात जाऊन या. तिथे येणारे रोहित पक्षी, ज्यांना इंग्रजीत फ्लेमिंगो म्हणतात, त्यांच्या अंगावरची गुलाबी झाक खाण्यातूनच येते. पाण्यातले शेवाळ आणि बारीक जीव यांतली हीच कॅरोटिनच्या कुळातली द्रव्ये पिसांत उतरतात. त्यांची पिल्ले राखाडी असतात. कोंबडीला पिवळा मका चारला की अंड्यातला बलक गडद होतो, हे तर पोल्ट्रीवाल्यांना सांगायला नको.

किती खाल्ल्याने असे होते? शंभर ग्रॅम केशरी गाजरात सुमारे ८ मिलिग्रॅम बीटा कॅरोटिन असते. मोठ्या माणसाच्या पोटात रोज ३० मिलिग्रॅमच्या आसपास जात राहिले, आणि तेही काही आठवडे, तर रंग दिसू लागतो. म्हणजे रोज पावकिलोहून बरेच अधिक गाजर. आपल्याकडचे हलव्याचे लाल गाजर असेल तर त्यात लायकोपीन जास्त आणि बीटा कॅरोटिन कमी, तेव्हा लग्नातल्या एका वाटी हलव्याने कोणी पिवळे होणार नाही. बाळाचे अंग लहान, त्यामुळे त्याला थोडेही पुरते. शिवाय कच्च्या गाजरातले कॅरोटिन आतड्यात फारसे शोषले जात नाही. ते शिजवून, कुस्करून, त्यावर तूप घातले की भरपूर शोषले जाते. त्या सुनेने नेमके सर्वांत चांगल्या रीतीने करून घातले होते. हे तिच्या सासूसमोर मी मुद्दाम मोठ्याने सांगितले.

यावर औषध नाही, कारण आजार नाही. गाजर, भोपळा, पपई यांचे प्रमाण कमी करायचे आणि वाट बघायची. साठलेला रंग निघायला काही आठवडे, कधी दोन-तीन महिनेही लागतात. अशाने 'अ' जीवनसत्त्व अंगाला जास्त होईल का, अशी शंका शिकलेले पालक काढतात. होत नाही. शरीर कॅरोटिनचे जीवनसत्त्व गरजेपुरतेच बनवते. तयार जीवनसत्त्वाच्या गोळ्या मनाने खात राहिलात तर मात्र विषबाधा होते. अंगणवाडीत नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत दिला जाणारा 'अ' जीवनसत्त्वाचा डोस मोजून-मापून ठरवलेला आहे, तो चुकवू नका. मूल पिवळे पडले म्हणून घरातून गाजर-भोपळा हद्दपार करण्याचेही कारण नाही. रातांधळेपणाने ठेचाळणारी मुले ज्यांनी पाहिली आहेत ते असा सल्ला देणार नाहीत.

कॅरोटिनच्या गोळ्यांबद्दलही सांगून ठेवतो, कारण हल्ली गोरे होण्यासाठी, तेज येण्यासाठी म्हणून काहीही विकले जाते. फिनलंडमध्ये २९ हजारांवर विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर एक मोठा प्रयोग झाला. रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटिनची गोळी घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग कमी होईल अशी आशा होती. १९९४ साली निष्कर्ष आला तो उलटा. गोळी घेणाऱ्यांत तो १८ टक्क्यांनी जास्त निघाला. भाजीतले कॅरोटिन वेगळे आणि बाटलीतले वेगळे.

आता मला ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला, त्याकडे येतो.

अकरा महिन्यांचे ते मूल माळवाल्याकडे गेले असते तर काय झाले असते? काहीही नाही. माळवाल्याने माळ घातली असती आणि पथ्य सांगितले असते. पथ्यात पिवळे काही खायचे नाही असे बहुतेक ठिकाणी असतेच. गाजर, भोपळा, पपई आपोआप बंद. महिन्या-दोन महिन्यांत मूल उजळ. गुण माळेचा! निरुपद्रवी पिवळेपणाच्या अशा मुलांवर आणि आपोआप बऱ्या होणाऱ्या साध्या काविळीवर या मंडळींची पत उभी राहते. मुलांना होणारी 'अ' प्रकारची कावीळ बहुतेक वेळा विश्रांतीने आणि घरच्या अन्नाने काही आठवड्यांत बरी होते, औषध द्या किंवा देऊ नका. एखादी दगावते.

माळ वाढते आणि डोक्यावरून गळ्यात, गळ्यातून पोटावर उतरते, कारण ती ओल्या काड्यांची असते. काड्या सुकून बारीक होतात, दोऱ्याच्या गाठी सैल पडतात आणि माळ लांबते. ती देवाच्या तसबिरीला घाला, तिथेही लांबेल. हात धुतल्यावर पिवळे पाणी पडते, कारण हाताला आधी आंब्याच्या सालीचा अर्क चोळलेला असतो आणि धुवायचे पाणी चुन्याचे असते. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावोगाव, शाळाशाळांतून हे करून दाखवीत आले आहेत. टाळ्या पडतात आणि पुढच्या ठरल्या वारी रांग पुन्हा तेवढीच.

या पतीची किंमत दुसरेच कोणीतरी मोजते. बारा-तेरा वर्षांपूर्वी ऊसतोडीच्या टोळीतली एक बाई माझ्याकडे आणली. सातवा महिना. डोळे हळदीसारखे, लघवी कोऱ्या चहासारखी. आठ दिवस गळ्यात माळ, आणि पोटात उसाचा रस व फुटाणे एवढेच. आणली तेव्हा ती झोपेत असल्यासारखी बोलत होती, दिवस कोणता ते तिला सांगता येत नव्हते. मी गाडी करून मोठ्या इस्पितळात पाठवली. तीही गेली आणि पोटातले मूलही गेले. तिच्या नवऱ्याने मला सांगितले की ज्याच्याकडे माळ घातली त्याच्या हाताला फार गुण आहे, त्यांच्या भाऊबंदातले एक लहान पोर त्यानेच बरे केले होते. त्या पोराला कशाने पिवळेपणा आला होता हे मला कधीच कळणार नाही. पण दरवर्षी हिवाळ्यात केशरी तळहाताचे मूल समोर आले की मला ती बाई आठवते.

तिला 'ई' प्रकारची कावीळ झाली असावी असा माझा अंदाज आहे. मैलापाणी मिसळलेल्या पिण्याच्या पाण्यातून ती येते. १९५५-५६ साली दिल्लीत आलेली प्रचंड साथ, जिच्यात २९ हजारांच्या आसपास लोकांना कावीळ झाली, ती हीच होती असे पुढे सिद्ध झाले. आपल्या राज्यात २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती. एरवी हा आजार बहुतेकांना सोडून देतो, पण गरोदर बाईला शेवटच्या तीन महिन्यांत गाठले तर पाचातली एक, कधी चारातली एक दगावते. तिथे आठ दिवसच काय, एक दिवसही वाया घालवणे परवडत नाही.

दोष केवळ माळवाल्यांना देऊन मी मोकळा होणार नाही. प्रॅक्टिस सुरू केली त्या वर्षांत माझ्याकडे एक सात वर्षांचा मुलगा आला होता. तळहात पिवळे, डोळे पांढरे. घरी पपईची बाग. मी बिलिरुबिन तपासले, ते अगदी व्यवस्थित आले. तरीही मी त्याला यकृताचे टॉनिक लिहून दिले आणि महिनाभर तेल-तूप बंद सांगितले. कारण? वडील दहा कोसांवरून आले होते, काहीच दिले नाही तर ते दुसरीकडे जातील आणि डॉक्टरला काही कळत नाही म्हणतील, अशी भीती. वाढत्या वयाच्या पोराला महिनाभर कोरडी भाकरी खायला लावली, तीही विनाकारण. आजही अशा मुलांना सलाईनच्या बाटल्या लागतात, बाटलीबंद टॉनिके जातात. 'काही झालेले नाही' हे सांगण्याची फी आपल्याकडे कोणी देत नाही आणि मागायचे धाडस आमच्यातही नाही. चुन्याच्या पाण्याने हात धुऊन देणारा आणि पांढऱ्या तळहाताच्या आशेने टॉनिक देणारा मी, यांत त्या वेळी फार अंतर नव्हते.

म्हणून वाचकांनी घरीच काय पाहावे ते सांगतो. माणसाला दिवसाच्या उजेडात उभे करा, ट्यूबखाली किंवा पिवळ्या दिव्याखाली नको. खालची पापणी ओढून डोळ्यांचा पांढरा भाग बघा. डोळे पिवळे, लघवी गडद, भूक मेलेली, मळमळ, शी पांढुरकी, अंगाला खाज, यांतले काही असेल तर ती कावीळ धरून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. गरोदर बाई असेल तर रात्र असली तरी थांबू नका. डोळे पांढरे, लघवी स्वच्छ, भूक चांगली आणि ताटात रोज केशरी भाजी-फळे, असे असेल तर शांतपणे सवडीने दाखवा.

नवजात बाळाला मात्र यातले काही लागू नाही. ते गाजर-पपई खात नाही. त्याचा पिवळेपणा हा अन्नाचा कधीच नसतो. जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत बाळ पिवळे दिसले, किंवा पिवळेपणा तळपायापर्यंत पोचला, किंवा बाळ दूध ओढेनासे झाले, तर कोवळ्या उन्हाची वाट न बघता इस्पितळात न्या.

आणखी एक प्रकार आहे. तळहात पिवळे, डोळे पांढरे, पण खाण्यात गाजर-भोपळा विशेष नाही. काही वर्षांपूर्वी अशा एक शिक्षिका आल्या होत्या. थकवा, वजन वाढलेले, आवाज जड, थंडी फार वाजते. थायरॉइड तपासला, तो मंदावलेला निघाला. थायरॉइड मंद असला की शरीर कॅरोटिनचे रूपांतर नीट करत नाही आणि ते साठते. मधुमेह आणि मूत्रपिंडाच्या काही आजारांतही असे होऊ शकते. तेव्हा खाण्याचा हिशेब जुळत नसेल तर थायरॉइड आणि साखर तपासून घ्यावी. वजन उतरवायच्या नादात गाजराच्या रसावर राहणाऱ्या मुलींच्याही आयांनी जरा तळहात बघावेत. तिथे काळजी रंगाची नसते, उपाशी राहण्याची असते.

बीट किंवा लाल गराचे ड्रॅगनफ्रूट खाल्ल्यावर लघवी गुलाबी होणे, लोहाच्या गोळ्यांनी शी काळी होणे, बी-कॉम्प्लेक्सने लघवी भडक पिवळी होणे, हे सगळे याच घरातले. त्यावर वेगळे लिहायला हवे असे नाही.

त्या आजींचे पुढे काय झाले? दोन महिन्यांनी त्या आपल्या गुडघ्यासाठी आल्या. नातू बरोबर होता. तळहात गुलाबी, दोन दात नवे. मी खूश होऊन विचारले, "काय आजी, गेला ना रंग? गाजर बंद केलं होतं ना?"

"केलं ना, तुम्ही सांगितलं तसं केलं." मग जरा थांबून, आवाज खाली आणून म्हणाल्या, "पर डॉक्टरसाहेब, खोटं कशाला बोलू, त्या दिवशी इथनं तसंच पुढं जाऊन माळ पण घातली होती."

सून दारात उभी होती. ती माझ्याकडे बघून हसली.